मार नेमका कोणाला वळण लावतो?

मृद्गंध (धागाकर्ती)

गेल्या वर्षी मी एक वही ठेवली होती. मुलावर हात उचलला की त्याच रात्री तारीख, वेळ, त्याने काय केले आणि मी काय केले एवढ्या चार गोष्टी लिहायच्या, असा दंडक मीच मला घालून घेतला होता. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. मी स्वतःला मारकुटी आई समजत नव्हते. कोणी विचारलेच तर 'कधीतरी एखादा धपाटा' हे माझे ठरलेले उत्तर होते. चार महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. त्या सलग वाचल्या तेव्हा त्याच्या खोड्यांत मला काही सूत्र सापडले नाही. पाणी सांडणे, खोटे बोलणे, धाकट्या बहिणीला ढकलणे, बूट चढवायला वीस मिनिटे लावणे, असे सगळेच त्यात होते. सूत्र सापडले ते वेळेच्या रकान्यात. अकरांपैकी आठ नोंदी संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांतल्या होत्या आणि दोन सकाळी घराबाहेर पडण्याच्या घाईतल्या. खोड्या तो दिवसभर करत होता, मार मात्र माझ्या दमण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पडत होता. दुपारी मी हसण्यावारी नेलेली गोष्ट रात्री आठ वाजता गुन्हा ठरत होती.

त्या वहीपासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. मार उपयोगी पडतो की नाही हा वाद आपण नेहमी मुलाकडे पाहून घालतो: ते ऐकू लागले का, सुधारले का, की कोडगे झाले? माझे म्हणणे असे आहे की माराने सर्वांत आधी आणि सर्वांत पक्के वळण लागते ते मारणाऱ्याला. मी सांगते, मूल ऐकत नाही, मी आवाज चढवते, तरी ते ऐकत नाही, मी फटका देते आणि ते त्या क्षणी थांबते. या सगळ्यात बक्षीस मिळते ते मला. नकोसा झालेला गोंगाट थांबतो, अंगातला संताप उतरतो, आणि घरात अजून आपले चालते या समाधानाची भरही त्यात पडते. एखादी गोष्ट करताच इतके सगळे हाती लागत असेल तर पुढच्या वेळी हात अधिक लवकर उठणार, हे सांगायला मानसशास्त्र शिकावे लागत नाही. मुलाच्या बाजूने काय घडले, ते उमजले म्हणून थांबले की दुखले म्हणून, हे मात्र मला त्या क्षणी कळत नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी त्याची मला पर्वाही नसते.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली मांडलेला उंदरांचा एक प्रयोग इथे आठवतो. कळ दाबली की खाद्य मिळते हे शिकलेल्या उंदरांचे खाद्य बंद केले गेले, आणि त्यांतल्या काहींनी कळ दाबली की सुरुवातीचा थोडा काळ पंजावर फटका बसेल अशी योजना केली गेली. फटका बसत होता तोवर त्यांचे कळ दाबणे एकदम घटले. तो बसेनासा झाल्यावर त्यांनी सारी कसर भरून काढली, आणि अखेरीस त्यांची एकूण दाबणी फटका न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली. मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य आहे. नंतरच्या प्रयोगांनी असेही दाखवले की शिक्षा पुरेशी तीव्र असेल तर वर्तन दीर्घकाळ दबू शकते. परंतु 'पुरेशी तीव्र' हेच शब्द मला अस्वस्थ करतात. आपल्या भाषेने टपली, चापट, धपाटा, फटका, रट्टा, गुद्दा अशा पायऱ्याच बांधून ठेवल्या आहेत, आणि विचारले असता प्रत्येक जण आपण एक पायरी खाली उभे असल्याचे सांगतो. माझ्या वहीतल्या पहिल्या नोंदीत 'चापट' असा शब्द आहे, नवव्या नोंदीत 'जोरात'.

ज्यांना हे पटत नाही त्यांचे म्हणणे मला विशेष वाचायचे आहे. 'मुलांना मारणे वाईट' एवढ्यावर माना डोलावण्यासाठी हा धागा काढलेला नाही.


काठावरचा

लिहिले आहे प्रामाणिकपणे, तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. दमलेल्या माणसाने संतापात दिलेला फटका अन्यायाचा असतो, एवढेच तुमच्या वहीने सिद्ध होते. शांत डोक्याने, आधी बजावून, ठरलेल्या मर्यादेत केलेली शिक्षाही तशीच असते असे त्यातून निघत नाही.

आपल्याकडे मार आणि धाक हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते उगाच वेगळे नाहीत. धाक असलेल्या घरात मार क्वचित लागतो, किंबहुना तो लागू नये म्हणूनच धाक असतो. पण धाकाला मागे काहीतरी तारण लागते. कधीच खाली न येणारा हात नुसता उगारलेला आहे, हे मुले फार लवकर ओळखतात. आज मला दिसतात ते तीन वर्षांच्या मुलाशी तहाची बोलणी करणारे आईबाप: 'बाळा, तू असे केलेस की मला वाईट वाटते, आपण यावर बोलू या का?' बाळ तोवर टेबलावर चढलेले असते. अशी मुले पुढे कोणाचेच ऐकत नाहीत आणि जग त्यांना जो फटका देते त्याला मर्यादा नसते. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मित्रासारखे वागावे, हे जुने वचन लिहिणाऱ्याने माणसे पाहिलेली होती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मी स्वतः मार खाल्लेला आहे. वडिलांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही.


जुना मास्तर

मी एकतीस वर्षे शिकवले. त्यांतली पहिली बारा वर्षे माझ्या टेबलावर छडी असे आणि ती शोभेची नव्हती. काठावरचा म्हणतात तो धाक माझ्या वर्गात पुरेपूर होता आणि त्याचा मला अभिमानही होता, म्हणून त्यांच्याशी थोडे तपशिलाने बोलतो.

छडी सोडण्यामागे माझे कोणतेही मतपरिवर्तन नव्हते; बदलीमुळे ज्या शाळेत गेलो तिथल्या मुख्याध्यापकांना ती चालत नव्हती. पहिले काही महिने मी हतबल होतो, वर्ग हाताबाहेर गेल्यासारखा वाटे. पुढे कधीतरी आधीच्या वर्षांकडे वळून पाहिले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की छडी दरवर्षी त्याच पाच-सहा मुलांना बसत असे. जूनमध्ये ज्यांना बसली त्यांनाच मार्चमध्येही बसत होती. औषध लागू पडत असते तर रोगी बदलायला हवे होते. बाकीची पस्तीस मुले छडीमुळे सुधारली असे मी धरून चाललो होतो, पण ती मुळातच छडी न लागणारी होती.

दुसरी गोष्ट हजेरीपटावर होती. पाढे म्हणून घेण्याचा वार ठरलेला असे आणि त्या वारी नेमकी तीच मुले गैरहजर असत. मी त्याला आळस समजत होतो. ज्याला शिकवण्याची सर्वाधिक गरज होती त्यालाच मी आठवड्यातून एक दिवस घरी ठेवत होतो, हे समजायला मला छडी जाऊन दोन वर्षे लोटावी लागली. खोटे बोलण्याचेही तसेच आहे. गृहपाठाची वही घरी राहिली, हे वाक्य छडीच्या काळात मी रोज ऐकत असे. नंतरच्या काळात 'मला जमले नाही' असे सांगणारी मुले भेटू लागली. मुले तशीच होती, त्यांना खरे बोलणे परवडू लागले होते.

अवांतर: संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. मराठीत तोच शब्द दंडासाठी कसा रूढ झाला हे भाषातज्ज्ञांनी सांगावे; मला मात्र आपल्या सगळ्या पेशाचा इतिहास त्या एका शब्दात दिसतो.


प्रमेय

मास्तरांनी मांडलेला 'मुळातच छडी न लागणारी मुले' हा मुद्दा संशोधनातल्या सर्वांत मोठ्या वादाच्या अगदी जवळ जातो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

एलिझाबेथ गर्शॉफ यांनी २००२ साली ८८ अभ्यास एकत्र करून तपासले. माराशी संबंधित म्हणून त्यांनी पाहिलेल्या अकरा गोष्टींपैकी दहा अनिष्ट निघाल्या. बाजूने निघाली ती एकच, म्हणजे मुलाने त्या क्षणी ऐकणे. धागाकर्तीला मिळणारे बक्षीस ते हेच. पुढे २०१६ साली त्यांनी अँड्र्यू ग्रोगन-केलर यांच्यासह ७५ अभ्यासांचे, म्हणजे सुमारे १,६०,००० मुलांच्या माहितीचे, विश्लेषण केले. 'तुम्ही साधी चापट आणि बेदम मारहाण एकाच मापाने मोजता' असा आक्षेप पूर्वी घेतला गेला होता, म्हणून या वेळी त्यांनी उघड्या हाताने दिलेल्या फटक्यांपुरतेच पाहिले. तपासलेल्या सतरा परिणामांपैकी तेरांमध्ये लक्षणीय संबंध आढळला आणि तो दर वेळी वाईटाच्या दिशेने होता.

आता दुसरी बाजू, कारण ती सहसा सांगितली जात नाही. रॉबर्ट लार्झेलिअर यांच्यासारख्या संशोधकांचा आक्षेप असा आहे की हट्टी मूल जास्त मार खाते, तेव्हा माराने ते हट्टी झाले की हट्टी होते म्हणून मार बसला, हे नुसत्या संबंधावरून ठरत नाही. दवाखान्यात जाणारी माणसे न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी असतात, म्हणून दवाखान्याने आजार होतो असे आपण म्हणत नाही. त्यांनी याच सांख्यिकी पद्धती खोलीत बसवणे, सवलती काढून घेणे अशा बिनमाराच्या शिक्षांना लावून पाहिल्या, तर त्याही 'घातक' दिसू लागल्या. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर म्हणून मुलाचे आधीचे वर्तन हिशेबात धरून, तीच मुले काही वर्षांनी पुन्हा तपासणारे अभ्यास झाले, आणि संबंध त्यांतही उरतो. फक्त तो लहान होतो. ज्यांना माराचे परिणाम प्रचंड आणि अटळ वाटतात त्यांनी हा 'लहान' शब्दही वाचावा.

'आमच्या समाजात मार म्हणजे प्रेमच' असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास महत्त्वाचा आहे. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या आया आणि मुले पाहिली. जिथे मार सर्रास असतो तिथे त्याचा संबंध सौम्य निघाला, हे खरे आहे. तो नाहीसा मात्र कुठेच झाला नाही.

आता मला सर्वांत रोचक वाटणारी गोष्ट. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांसमोर शाबासकीचे महत्त्व सांगत होते, तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की प्रत्यक्षात उलटे घडते: उत्तम कसरतीनंतर कौतुक केले की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीनंतर खडसावले की पुढची सुधारते. प्रशिक्षकाचे निरीक्षण अचूक होते, अर्थ चुकला होता. फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी, कोणी काही केले नाही तरी, बहुधा नेहमीच्या पातळीकडे परत येते. मूलही आपल्या हातचा मार खाते ते त्याच्या सर्वांत वाईट क्षणी. पुढचा तास बहुधा बरा जाणारच असतो. श्रेय मात्र फटक्याला मिळते. उलट कौतुक आपण सर्वांत चांगल्या क्षणी करतो आणि त्यानंतर थोडी घसरण दिसली की 'लाडाने बिघडला' म्हणतो. मार लागू पडतो हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो एका सांख्यिकी दृष्टिभ्रमाने पोसलेला आहे.


काठावरचा

प्रमेय, दोन्ही बाजू मांडल्याबद्दल आभार. पण मग तुमच्याच लार्झेलिअर यांचा निष्कर्ष पूर्ण सांगा. दोन ते सहा वर्षांच्या हट्टी मुलाने सौम्य शिक्षा धुडकावली, तर तिला बळ देण्यासाठी शांतपणे दिलेला हलका फटका बहुतेक पर्यायांपेक्षा वाईट ठरत नाही, असे त्यांनी दाखवले आहे ना? मी पहिल्या प्रतिसादात म्हटलेले तारण ते हेच.


प्रमेय

होय, लार्झेलिअर आणि कून यांच्या २००५ च्या आढाव्यात तसे आहे. त्यामागचे प्रयोगही पाहावेत. खुर्चीत बसण्याची शिक्षा सोडून मूल उठून जाते तेव्हा काय करावे, याची तुलना मार्क रॉबर्ट्स आणि स्कॉट पॉवर्स यांनी १९९० साली केली. फटका देणे आणि मुलाला थोडा वेळ एका रिकाम्या, सुरक्षित खोलीत ठेवणे हे दोन्ही उपाय सारखेच परिणामकारक निघाले. म्हणजे तारण लागते हे तुमचे म्हणणे टिकते. ते फटक्याचेच असावे लागते हे टिकत नाही.


मृद्गंध

आणि एक गंमत पाहा. काठावरचा यांनी दिलेले वचन पाच वर्षांपर्यंत हात लावू नका आणि त्यानंतर ताडन करा असे सांगते. त्यांनीच पुढे केलेले संशोधन दोन ते सहा या वयापुरतेच फटक्याची बाजू घेते आणि मोठ्या मुलांसाठी तीही घेत नाही. दोन्ही आधार एकत्र पाळायचे ठरवले तर मारायला जेमतेम एक वर्ष उरते.

शांत डोक्याने मारण्याविषयी एवढेच सांगते की डोके शांत असताना मला मारावेसे वाटल्याची एकही नोंद माझ्या वहीत नाही.


कलम

कायद्याच्या अंगाने लिहितो. इंग्लंडच्या कायद्यात पालकांना 'वाजवी' शिक्षेचा बचाव मिळतो आणि त्याचे मूळ १८६० सालच्या एका खटल्यात सांगितले जाते. हॉप्ली नावाच्या शिक्षकाने शिस्त लावण्यासाठी एका विद्यार्थ्याला इतके मारले की तो मुलगा मेला. शिक्षकाला शिक्षा झाली, पण निकालात न्यायाधीशांनी म्हटले की पालकाला किंवा शिक्षकाला बेताची आणि वाजवी शारीरिक शिक्षा करण्याचा अधिकार आहे. पुढे शतकभराहून अधिक काळ साम्राज्यभरच्या कायद्यांत वावरलेली ही 'वाजवी' कल्पना एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यात स्पष्ट झाली, हे विसरू नये. शिक्षकानेही आपला मार वाजवीच मानला होता.

घरातल्या मारावरही संपूर्ण बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, १९७९ साली. ही बंदी कौटुंबिक कायद्यात होती आणि तिला स्वतंत्र दंड जोडलेला नव्हता. सरकारने आईबापांसाठी पत्रके वाटली आणि दुधाच्या खोक्यांवरही माहिती छापली, म्हणजे सकाळी न्याहारीच्या वेळी मूल आणि पालक एकाच वेळी ती वाचतील. ही कल्पना मला त्या कायद्यापेक्षाही हुशार वाटते. आज साठांहून अधिक देशांत अशी बंदी आहे: जर्मनीत २००० पासून, नेपाळमध्ये २०१८ पासून, जपान आणि स्कॉटलंडमध्ये २०२० पासून, वेल्समध्ये २०२२ पासून. इंग्लंडमध्ये ती नाही. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, घराविषयी तितका स्पष्ट निषेध नाही.

कायदा लोकांच्या पुढे गेला तर काय होते याचे उदाहरण न्यूझीलंडचे. तिथे २००७ मध्ये पालकांचा बचाव रद्द झाला. २००९ च्या सार्वमतात 'चांगल्या पालकाने सुधारण्यासाठी दिलेली चापट हा गुन्हा असावा का' या आशयाच्या प्रश्नाला सुमारे ८७ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. प्रश्नाची शब्दरचना उघड उघड कलती होती, पण तेवढ्याने ८७ टक्के समजावून सांगता येत नाहीत. सरकारने कायदा बदलला नाही, आणि क्षुल्लक प्रकरणांत खटला न भरण्याची मुभा पोलिसांना आधीपासून होतीच.

माझे मत असे की धपाटा दिलेल्या आईला तुरुंगात धाडण्यासाठी अशा कायद्याचा उपयोग होऊ नये आणि सहसा होतही नाही. मोठ्या माणसाला मारणे हा गुन्हा आणि स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्याला मारणे हा अधिकार, ही विसंगती कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकणे एवढेच त्याचे मुख्य काम आहे.


रात्रपाळी

मी परिचारिका आहे. वादात पडत नाही, दोन गोष्टी सांगते.

कानावर बसलेल्या चपराकीने कानाचा पडदा फाटू शकतो. मारणाऱ्याला ती साधी चापट वाटलेली असते, कारण हात मोठ्याचा आणि डोके लहानाचे, हे प्रमाण त्या क्षणी लक्षात येत नाही. दुसरे म्हणजे, रडणे थांबेना म्हणून तान्ह्या बाळाला गदागदा हलवणे हे मारापेक्षाही घातक आहे. बाळाचे डोके जड असते आणि मान दुबळी. मेंदूवरच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि बाहेरून अंगावर एकही वळ दिसत नाही. बाळे दीड-दोन महिन्यांची असताना सर्वाधिक रडतात आणि तेव्हाच आईबापांची झोप सर्वांत कमी झालेली असते. असह्य झाले तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. रडण्याने बाळाला काही होत नाही.

धागाकर्तीची वही वाचून मला आमच्याकडच्या नोंदी आठवल्या. त्यांतही वेळेचा रकाना असतो.


दवबिंदू

माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि राग आला की चावते. मी कधी मारत नाही, पण मागच्या आठवड्यात तिने शेजारच्या मुलाला रक्त येईपर्यंत चावले आणि मी तिला जोरात फटका दिला. त्यानंतर ती रडत झोपली आणि मी जागी राहिले. 'मारू नका' हे सगळे सांगतात. त्या क्षणी नेमके काय करायचे, हे कोणी सांगेल का?


दीपमाळ

मी पालकांबरोबर समुपदेशनाचे काम करते. दवबिंदू, एका फटक्याने तुमच्या लेकीचे आयुष्य बिघडलेले नाही, हे आधी सांगते.

त्या क्षणी करण्यासारखे फार थोडे असते. दोघांना वेगळे करा, 'चावायचे नाही' एवढे तीन-चार शब्दांत सांगा आणि आधी ज्याला लागले आहे त्याच्याकडे वळा, कारण चावणाऱ्याला लगेच मिळालेले लक्ष, मग ते रागावण्याचे का असेना, पुष्कळदा खाऊचे काम करते. नंतर तिला काही मिनिटे खेळातून बाजूला बसवा. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब वापरतात, म्हणजे तुमच्याकडे चार मिनिटे. त्या वेळात व्याख्यान नको आणि वेळ संपल्यावर जुना विषय उकरून काढणेही नको.

खरे काम पुढचे आहे आणि ते कंटाळवाणे आहे. ती केव्हा चावते ते पाहा: भूक, झोप, खेळणे हिसकावले जाणे. रागावूनही जेव्हा ती चावली नाही तो क्षण पकडा आणि तिथल्या तिथे, नेमके शब्द वापरून कौतुक करा: 'तुला राग आला होता तरी तू तोंडाने सांगितलेस.' नको असलेले वर्तन कमी करायचे तर त्याच्या जागी हवे ते वर्तन वाढवावे लागते. नुसती जागा रिकामी केली तर तीच सवय परत येऊन बसते.

धागाकर्तीच्या मुद्द्यात मात्र एक भर घालते, कारण तो एकतर्फी राहिला आहे. जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवले की हा सापळा दोन्ही बाजूंनी काम करतो. मूल आकांडतांडव करते, पालक वैतागून हवे ते देऊन टाकतो, तांडव थांबते. मुलाला वस्तू मिळाली आणि पालकाला शांतता. दोघांनाही बक्षीस मिळाले आणि दोघेही पुढच्या वेळी तेच करणार. फटका देणारा पालक आणि शरण जाणारा पालक हे पुष्कळदा एकच माणूस असतात: सहा वेळा शरण जातो आणि सातव्या वेळी मारतो. त्यामुळे काठावरचा यांना दिसणारे टेबलावरचे बाळ खोटे नाही. त्याला खाली उतरवायलाच हवे, पहिल्याच वेळी, दोन्ही हातांनी उचलून, एकही शब्द न वाढवता. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकातच ठाम आणि जुलमी असे पालकत्वाचे वेगळे प्रकार मांडले होते. सैल सोडणे हा तिसरा प्रकार होता आणि त्याची बाजू त्यांनी कधी घेतली नाही.


अर्धविराम

आमच्या घरात कोणी कधी हात उचलला नाही आणि याचा आईवडिलांना फार अभिमान होता. 'तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची' हे वाक्य मात्र मी इतक्या वेळा ऐकले आहे की आजही एखादे काम चुकले तर ते वडिलांच्याच आवाजात ऐकू येते. मिंग-ते वँग आणि सॅरा केनी यांनी २०१४ साली ९७६ कुटुंबांतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घालूनपाडून बोलणे, शिव्या देणे, आरडाओरडा करणे यांनी मुलांचे वर्तन आणखी बिघडले आणि नैराश्याची लक्षणे वाढली. एरवी घरात माया असली तरी त्याने फारसा फरक पडला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या निवेदनात मार आणि अपमानास्पद बोलणे ही दोन्ही एकत्र नाकारली, ती योग्यच. हात खाली आला आणि जीभ सुटली, तर धागाकर्तीच्या वहीत आणखी एक रकाना लागेल.


काठावरचा

दोन-अडीच महिन्यांनी परत लिहितो आहे. माझे मत बदललेले नाही. शांतपणे, क्वचित दिलेली हलकी शिक्षा आणि मारहाण यांत फरक आहे असे मी अजूनही मानतो. ती शिक्षा मी तशीच करतो हे दाखवून देण्यासाठी मीही वही ठेवली. मुलगा आठ वर्षांचा आहे.

चार नोंदी झाल्या. धागाकर्ती म्हणतात तसा वेळेचा काही मेळ लागला नाही. एक सकाळची, एक दुपारची, दोन रात्रीच्या. दमलोही नव्हतो. पण चारपैकी तीन वेळा घरात पाहुणे होते. त्याने चारचौघांत उलट उत्तर दिले आणि समोर बसलेली माणसे मी काय करतो ते पाहत होती. चौथ्या वेळी पाहुणे नव्हते, माझे वडील होते. त्यांनी काही म्हटले नाही, नुसते वर्तमानपत्र खाली केले.


मृद्गंध

हा रकाना माझ्या वहीत नव्हता. जुनी वही पुन्हा काढली आहे. अकराव्या नोंदीसमोर, जी माझ्या कोणत्याच वेळेत बसत नव्हती, सासूबाई आल्या होत्या.